घाटात पाय बधिर झाला, तर फक्त बूटच बघायचा का?

अकोल्याहून वाशीमच्या रस्त्याला लागले की तीस-पस्तीस किलोमीटरवर पातूर येते. तिथपर्यंत सगळी सपाट काळी जमीन, कपाशी-सोयाबीनची. पातूर सोडले की डोंगर, घाट आणि पलीकडे मेडशी. शेगावहून पंढरपूरला निघणारी गजानन महाराजांची पालखी याच वाटेने पुढे जाते. सायकलवाल्यांनाही हाच चढ हवा असतो. अकोल्यात राहून स्पर्धेची तयारी करायची, तर पायांना चढाची सवय दुसरीकडे कुठे लावणार? डांबरी घाट पुरेसा वाटला नाही तर डोंगराच्या पायथ्याला मुरमाच्या, दगडगोट्यांच्या गाडीवाटा आहेतच. जाड टायरची, पुढे शॉकअप असलेली सायकल त्यासाठीच घेतलेली असते. (वनखात्याची हद्द कुठे सुरू होते, हे आधी विचारून घेतलेले बरे.)

घाट चढून वर आल्यावर पाणी प्यायला थांबलेल्या कुठल्याही घोळक्यात दोन गोष्टी हमखास ऐकू येतात. एक, कोणाला किती वेळ लागला. दुसरी, ‘पायाची बोटं लागतच नाहीत राजा.’ कोणाला तळव्याच्या पुढच्या भागात आग, कोणाला मुंग्या, कोणाचा अंगठा आहे की नाही हेच कळत नाही. त्यावर सल्लेही लगेच मिळतात. बूट ढिला कर, सीट खाली घे, पेडलवरचा पाय मागे-पुढे करून बघ. आणि सगळ्यांवर कडी करणारे वऱ्हाडी उत्तर: ‘काही नाही होत, चालते.’

यातले बरेचसे सल्ले बरोबर आहेत. अडचण शेवटच्या उत्तराची आहे. सायकलस्वाराच्या बधिर पायाला दहातल्या बहुतेक वेळा बूटच कारण असतो, हे खरे. पण तो हिशेब पंचविशीतल्या, निरोगी, स्पर्धेत उतरणाऱ्या खेळाडूचा आहे. पातूरच्या घाटात आज दिसणारी माणसे सगळी तशी नाहीत. चाळिशी-पन्नाशी ओलांडलेले शिक्षक, दुकानदार, बँकेतले, कृषी केंद्रवाले त्यात बरेच असतात, आणि त्यातल्या अनेकांनी सायकल हाती घेतली ती मुळात डॉक्टरांनी ‘साखर वाढली आहे, व्यायाम करा’ असे बजावल्यावर. त्यांच्या बधिर बोटांना खेळाडूचा सल्ला लावणे धोक्याचे आहे.

आधी बुटाची बाजू. पायाच्या पुढच्या भागात पाच लांब हाडे असतात. त्यांच्या टोकांच्या मधून बोटांकडे जाणाऱ्या बारीक नसा जातात. चालताना शरीराचा भार टाचेपासून बोटांपर्यंत सरकत जातो. सायकलवर तो सरकत नाही. मिनिटाला ८० वेळा पाय फिरवला, तर तासाला ४,८०० वेळा तळव्याच्या त्याच चार बोटे रुंद पट्ट्यावर दाब पडतो. चार तासांत १९,२०० वेळा. सोल मऊ असेल तर पेडलची कड आतपर्यंत टोचते. बूट अरुंद असेल तर हाडे दोन्ही बाजूंनी आवळली जातात आणि नस मधे चेपते. घाटात जड गिअर लावून हळूहळू, ताकदीने पेडल मारणाऱ्याला हा त्रास अधिक होतो, कारण प्रत्येक फेरीचा दाब वाढलेला असतो. हलका गिअर लावून पाय भरभर फिरवणे इथे नुसत्या वेळेसाठी नाही, नसांसाठीही चांगले.

त्यात अकोल्याचा उन्हाळा. मे महिन्यात पारा ४५च्या आसपास असताना पाय सुजतो. सकाळी सहाला बरोबर बसलेला बूट दहा वाजता चिमट्यासारखा होतो. म्हणून बूट घ्यायला संध्याकाळी जावे, सायकलवर घालायचे मोजे पायात घालून जावे आणि लेस खालच्या दोन भोकांत सैल ठेवावी. पायाच्या वरच्या बाजूला बधिरपणा येत असेल तर लेस किंवा पट्टा तिथल्या नसेवर आवळला जातो आहे, असे समजावे.

आणखी एक गोष्ट आहे, जिच्याकडे दुकानदार लक्ष देत नाहीत. युरोपी साच्यावर बेतलेले सायकलचे बूट बहुधा चिंचोळे असतात. आपल्याकडे लहानपण अनवाणी किंवा चपलेत गेलेल्यांचे पाय पुढून पसरट असतात. बेल्जियममधल्या संशोधकांनी भारतात आयुष्यभर अनवाणी चालणाऱ्या लोकांचे पाय मोजले. २००९मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात हे पाय बूट घालणाऱ्यांपेक्षा रुंद निघाले आणि तळव्यावरचा दाबही त्यांत अधिक समान वाटला जातो, असे दिसले. म्हणजे पाय चांगला आहे, बूट चुकीचा आहे. लांबीचा नंबर बघून घेतलेला महागडा बूट चावतो तो यामुळे. अशा माणसाने एक नंबर मोठा बूट घेण्यापेक्षा रुंद साच्याचा बूट शोधावा. तो मिळाला नाही तर साध्या रुंद बुटाने आणि सपाट पेडलने घाट चढला म्हणून कोणाची इज्जत जात नाही.

बुटाला पेडलशी जोडणारी क्लीट वापरणाऱ्यांनी ती काही मिलिमीटर मागे सरकवून पाहावी. दाब बोटांच्या मुळापासून थोडा मागे जातो. सीट फार उंच असेल तर पाय खाली पोहोचवण्यासाठी बोटे ताणली जातात. हे सगळे बदल एकेक करून, मध्ये दोन-तीन फेऱ्या जाऊ देऊन करावेत. एकदम चार गोष्टी बदलल्या तर कशाने बरे वाटले ते कळत नाही.

बुटामुळे आलेल्या बधिरपणाची खूण सरळ आहे. तो सायकल चालवताना येतो आणि बूट काढून पाय चोळला की काही मिनिटांत जातो. रात्री झोपेत येत नाही. दुसऱ्या दिवशी दुकानात बसल्यावर येत नाही. या एका कसोटीवर घाटातल्या सल्ल्यांची हद्द संपते.

बधिरपणा सायकलवरून उतरल्यावरही टिकत असेल, दोन्ही पायांच्या बोटांपासून सुरू होऊन मोजा घातल्यासारखा वर सरकत असेल, रात्री अंथरुणात तळवे जळत असतील, चप्पल पायातून कधी निसटली ते कळत नसेल, तर बूट बदलून उपयोग नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाठबळाने झालेल्या आणि २०२३मध्ये ‘लॅन्सेट’च्या मधुमेहविषयक नियतकालिकात आलेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे, प्रौढांमध्ये हे प्रमाण ११.४ टक्के. त्याशिवाय १५.३ टक्के उंबरठ्यावर आहेत. मधुमेह जुना होत जातो तसा निम्म्यापर्यंत रुग्णांच्या नसांना तो गाठतो. काहींच्या बाबतीत तर मधुमेह सापडतो त्याच दिवशी पायांची संवेदना कमी झालेली असते, कारण साखर त्याआधी कित्येक वर्षे गुपचूप वाढलेली असते.

वेदना जाणे म्हणजे बरे होणे, असा समज यात सर्वांत घातक. पॉल ब्रँड या शल्यविशारदाचे काम इथे आठवते. १९१४मध्ये तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरात जन्मलेल्या या डॉक्टरांनी १९४६पासून वेल्लोरला कुष्ठरुग्णांच्या हातापायांवर शस्त्रक्रिया केल्या. कुष्ठरोगात बोटे आपोआप झडतात, ही तोवरची समजूत त्यांनी खोटी ठरवली. बोटे झडत नव्हती. वेदना कळत नसल्याने माणूस जखमेवरच चालत राही, गरम भांडे धरून ठेवी, आणि पाय झिजत जाई. पुढे अमेरिकेत गेल्यावर तेच ज्ञान मधुमेहींच्या पायांना लागू पडले. वऱ्हाडाला हा विषय परका नाही. डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी अमरावतीजवळ तपोवन उभारले तेही १९४६मध्येच. तिथे आलेल्यांच्या पायांची अवस्था ज्यांनी पाहिली, त्यांना बधिर पायाला ‘चालते’ म्हणणे जमणार नाही.

कुष्ठरोगाचे नाव निघालेच आहे, तर तेही यादीतून पुसून टाकू नये. देशपातळीवर दहा हजारांमागे एकापेक्षा कमी रुग्ण, ही उद्दिष्टाची रेषा भारताने २००५च्या अखेरीस गाठली, पण पूर्व विदर्भातल्या जिल्ह्यांत नवे रुग्ण अजून सापडतात. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा, त्यावर स्पर्श न कळणे, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूची नस जाड लागणे, चालताना पाऊल लटकणे ही त्याची लक्षणे. औषध सरकारी केंद्रात मोफत मिळते आणि सहा ते बारा महिन्यांत उपचार पुरा होतो. उशीर झाला तर जंतू मरतात, पण गेलेली नस परत येईलच असे नाही.

गुडघ्याच्या बाहेरची ती नस हाडाला लागून, कातडीच्या अगदी खाली असते. दगडवाटेवर सायकल घसरून गुडघा बाहेरून आपटला तरी ती दुखावते. तासन् तास उकिडवे बसूनही ती चेपते. परदेशात स्ट्रॉबेरी तोडणाऱ्या मजुरांच्या नावाने हा विकार वैद्यकाच्या पुस्तकात गेला आहे. वऱ्हाडात दिवसभर उकिडवे बसून निंदण करणाऱ्या बायांचा पाय असाच जड पडतो, पण त्याला कोणी विकार म्हणत नाही. ‘पाय झोपला’ म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा शेतात जातात. सायकलस्वाराला निदान सल्ला द्यायला चार जण तरी असतात.

बी-१२ या जीवनसत्त्वाची कमतरता हे तिसरे कारण, आणि ते सर्वांत सहज सुटणारे. ते मांस, मासे, अंडी, दूध यांतूनच मिळते. माळकरी घरांत दूधही चहापुरतेच असेल तर साठा हळूहळू संपतो. मधुमेहावर सर्वाधिक दिली जाणारी मेटफॉर्मिनची गोळी वर्षानुवर्षे घेतल्यानेही बी-१२ घटते. म्हणजे पन्नाशीचा, शाकाहारी, मेटफॉर्मिन घेणारा, नुकताच सायकलकडे वळलेला माणूस घाटात बोटे बधिर झाल्याचे सांगतो, तेव्हा तीन कारणे एकाच पायात असू शकतात. रक्ताची साधी तपासणी केल्याशिवाय कोण कोणते ते कळणार नाही. कीटकनाशकाची विषबाधा झाली असेल तर तेही डॉक्टरांना सांगावे; काही ऑरगॅनोफॉस्फेट औषधांच्या विषबाधेनंतर दोन-तीन आठवड्यांनी पायांच्या नसा दुखावल्याची उदाहरणे वैद्यकशास्त्रात आहेत.

मग सायकल सोडायची का? बधिरपणा ऐकताच ‘सायकल बंद’ सांगणारे डॉक्टर भेटतात, आणि तो सल्ला बहुतेकांच्या बाबतीत चुकीचा आहे. धावताना प्रत्येक पावलाला तळव्यावर शरीराच्या वजनाच्या दुपटीहून अधिक आघात होतो. सायकलवर वजन सीट पेलते. संवेदना कमी झालेल्या पायाला धावण्यापेक्षा सायकल केव्हाही बरी, साखर आटोक्यात राहायला तर ती हवीच. अट एवढीच, की घरी आल्यावर मोजे काढून दोन्ही तळवे डोळ्यांनी बघायचे, दिसत नसतील तर आरसा धरायचा, आणि निघण्यापूर्वी बूट उलटा करून झटकायचा. बुटात राहिलेला हरभऱ्याएवढा खडा निरोगी माणसाला दहा पावलांत थांबवतो. ज्याला तो जाणवत नाही, तो त्यावर मेडशीपर्यंत जाऊन येतो, आणि आठवड्याभराने जखम दिसते. अपघात सोडले तर पाय कापावा लागण्याचे मोठे कारण अशाच जखमा आहेत.

यात स्पर्धेच्या हवेचाही दोष आहे. सहनशीलतेच्या गोष्टी आपल्याला आवडतात, आणि विदर्भाला त्यातला अभिमानही रास्तच आहे. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७मध्ये अमेरिका आडवी पार करणारी सुमारे ४,८०० किलोमीटरची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ एकट्याने बारा दिवसांच्या मुदतीत पूर्ण केली. त्याच वर्षी लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ यांनीही ती पूर्ण केली. त्याआधी २०१५मध्ये नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी ती जोडीने पार केली होती. समर्थ आणि महाजन बंधू स्वतः डॉक्टर, आणि अशा स्पर्धेत सायकलस्वारामागे गाडीतून एक अख्खी तुकडी चालत असते, खाणे-झोप-दुखणे सगळ्यावर नजर ठेवणारी. त्या स्पर्धेत मान धरून ठेवणारे स्नायूच हार मानतात आणि डोके उचलता येत नाही. १९८३मध्ये हे ज्याच्या बाबतीत घडले त्या मायकेल शर्मर या स्पर्धकाचे नावच त्या दुखण्याला पडले. हातापायांचा बधिरपणा तर शर्यत संपल्यावरही आठवडेच्या आठवडे राहिल्याचे अनेक जण सांगतात. त्यांनी तो जाणूनबुजून पत्करलेला असतो. रविवारी सकाळी पातूरला जाऊन येणाऱ्याने त्यांचा निर्धार जरूर घ्यावा, दुखणे अंगावर काढायची तऱ्हा घेऊ नये. दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत, सहाशे चाळीस तासांत, अशा ठरावीक वेळेच्या ब्रेव्हे फेऱ्यांतही थांबून बूट सैल करण्यापुरती दोन मिनिटे निघतात.

याच वऱ्हाडात शंकरपट होतात, तळेगाव दशासरचा तर नावाजलेला. पटात उतरवण्यापूर्वी बैलाचा खूर मालक वाकून, हात फिरवून बघतो. स्वतःच्या पायाला तेवढा मान तो देत नाही.

पडण्याबद्दल मात्र थोडक्यात, कारण डोंगरातल्या जखमांवर बोलणे पुष्कळ होते आणि चुकते ते ठरावीक ठिकाणी. बहुतेक जण चढावर नाही, उतारावर पडतात, आणि हात पुढे टेकवून पडतात. गळपट्टीचे हाड मोडले तर लगेच कळते. मनगटातले अंगठ्याच्या मुळाशी असलेले छोटे हाड मोडले तर पहिल्या एक्स-रेमध्ये ते अनेकदा दिसत नाही. अंगठ्याच्या मुळाच्या खळग्यात दाबल्यावर दुखत असेल तर दहा-चौदा दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढायलाच हवा. दुर्लक्षित हाड जुळत नाही आणि मनगट कायमचे अधू होते. डोक्याला मार बसला तर हेल्मेट होते म्हणून निश्चिंत राहू नये. हेल्मेट कवटी वाचवते, आतला मेंदू हलायचा तो हलतोच, आणि चक्कर, ओकारी, गोंधळ काही तासांनीही सुरू होतात. आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाने २०२१पासून यासाठी स्वतंत्र नियम केले, त्यांचा गाभा हा की मेंदूला हादरा बसल्याचा संशय आला तरी खेळाडूने त्या दिवशी पुन्हा सायकलवर बसू नये. गावच्या स्पर्धेला हा नियम पाळायला एक रुपयाही लागत नाही.

मधुमेहींसाठी यात एक वेगळा धोका आहे. संवेदना कमी झालेल्या पायाला मुरगळ बसली, पाय लाल, सुजलेला, दुसऱ्यापेक्षा गरम लागतो, पण फारसा दुखत नाही, तर ते सुदैव नव्हे. आतली हाडे ढासळायला लागल्याची ती खूण असू शकते. शार्को या फ्रेंच वैद्याच्या नावाने हा विकार ओळखला जातो. अशा पायावर एक दिवसही भार न टाकता डॉक्टर गाठावा.

आणि सीटमुळे जांघेत येणारा बधिरपणा. तो सायकलस्वारांत इतका नेहमीचा की त्यावर थट्टा चालते. सीटचे टोक थोडे खाली केले, मधून चीर असलेली सीट घेतली की बहुधा सुटतो. पण पडल्यानंतर किंवा कंबरदुखीसोबत दोन्ही मांड्यांच्या आतल्या बाजूचा स्पर्श गेला, लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, पायांत जोर राहिला नाही, तर मणक्यातल्या नसांचा जुडगा चेपला जात असतो. तिथे दिवस नव्हे, तास मोजायचे असतात. अकोल्याला मोठे सरकारी रुग्णालय आहे. रात्री कळले तर रात्रीच निघावे.

तपासणी घरीच करता येईल अशीही आहे. इंग्लंडमधल्या इप्सविच गावच्या डॉक्टरांनी ती रूढ केली आणि तिचा अभ्यास २०११मध्ये प्रसिद्ध झाला. माणसाने डोळे मिटून पडायचे. दुसऱ्याने तर्जनीच्या टोकाने दोन्ही पायांचा अंगठा, मधले बोट आणि करंगळी, अशा सहा ठिकाणी हलकेच, एक-दोन सेकंद स्पर्श करायचा. दाबायचे नाही, चोळायचे नाही, टिचकी मारायची नाही. सहापैकी दोन किंवा अधिक ठिकाणी कळले नाही, तर दवाखाना. पालखीच्या वाटेवर वारकऱ्यांचे पाय चोळून देणाऱ्या, फोडांना मलम लावणाऱ्या मंडळांनाही हे जमण्यासारखे आहे. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचे पाणी घेऊन अनवाणी अकोल्याच्या राजेश्वराला जाणाऱ्या कावडधाऱ्यांत मधुमेही किती, हे कोणी विचारत नाही. त्यांच्यासाठी तर ही तपासणी आदल्या दिवशी व्हावी.

राहिले ते स्पर्धेच्या अर्जासोबत जोडायचे वैद्यकीय प्रमाणपत्र. ते छातीला स्टेथोस्कोप लावून, रक्तदाब बघून, दोन मिनिटांत सहीला येते. त्या दोन मिनिटांत रुग्णाचे मोजेही उतरत नाहीत. चाळिशीपुढच्या प्रत्येक स्पर्धकाच्या प्रमाणपत्रात साखरेचा आकडा आणि पायांच्या संवेदनेची एक ओळ असावी, अशी अट आयोजकांनी घालायला हरकत नाही. डॉक्टरकडे लागतो तो नायलॉनचा एक धागा, दहा ग्रॅम दाबाला वाकणारा, तळव्यावर ठरावीक ठिकाणी टेकवून बघायचा. सायकलच्या एका टायरच्या किमतीत असे कितीतरी धागे येतात.